चौकीवर मी लावलेला तक्ता

आमच्या पलटणीला लडाखचं पोस्टिंग आलं तेव्हा मी नायब सुभेदार होतो. आमच्या कंपनीकडे तीन चौक्या होत्या. त्यातली सगळ्यात वरची मला मिळाली. उंची साडेसतरा हजार फूट. मला धरून माणसं चौदा. राहायला फायबरच्या दोन झोपड्या, एक स्वयंपाकाची झोपडी, एक मोर्चा, म्हणजे पहाऱ्याचा खंदक, आणि हेलिकॉप्टरसाठी सपाट केलेला तुकडा. खालच्या बेसपर्यंत उतरायला चार तास लागत, चढायला नऊ.

मी वसईच्या होळी गावचा. आमच्या घरी बागायत आहे. केळी, भाजी, थोडी फुलं. वाडीत काहीही टाका, चार महिन्यांत त्याची माती होते. त्यामुळे टाकलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, याचा मी जन्मात विचार केला नव्हता. चौकीवर मात्र काहीच कुजत नाही. जे टाकाल ते बर्फात तसंच राहतं. आमच्या आधी कितीतरी पलटणी तिथे राहून गेल्या होत्या. त्यांचे टिनचे डबे, रॉकेलचे फुटके जेरीकॅन, बॅटऱ्या, तुटलेले बूट, सगळं स्वयंपाकाच्या झोपडीमागे बर्फात गोठून पडलेलं होतं. आम्ही त्यावर आमचं टाकत होतो. आणि प्यायचं पाणी त्याच बर्फाचं, वीस पावलं अलीकडून खणून आणलेलं. चहाला रॉकेलचा वास यायचा. सवय झाली होती.

पाच तीसला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन तयार उभं राहायचं. सात वाजता चहा. मग बर्फ काढणं, शस्त्रं साफ करणं, टेहळणी, रेडिओवर रिपोर्ट. दहा दिवसांतून एकदा प्रत्येकाला सॅटेलाइट फोनवर पाच मिनिटं मिळायची. ती पाच मिनिटं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. आदल्या दिवशी जवान दाढी करायचे. फोनवर कोणी दिसत नाही, तरी करायचे.

आमचे कंपनी कमांडर, म्हणजे ओसी, मेजर भंडारी. कुमाऊंचे, पण पलटणीत आठ वर्षं काढल्यामुळे मराठी बोलायचे. ते पहिल्यांदा चौकीवर आले ते दोन दिवस राहिले. माणसांशी बोलले, मोर्चा पाहिला, चहा प्यायले. कपाचा वास घेतला. परत निघायच्या सकाळी त्यांनी माझ्याकडे एक रिकामं पोतं मागितलं. आइस अ‍ॅक्स घेऊन झोपडीमागे गेले आणि बर्फातले डबे उकरायला लागले. पाऊण तासात पोतं भरलं. ते त्यांनी स्वतःच्या पिट्टूवर, पाठीवरच्या बॅगेवर, बांधलं.

मी म्हणालो, "सर, पोरं नेतील खाली."

"पोरांना त्यांचं ओझं आहे. हे माझं."

दुपारी दोन वाजता रेडिओवर आवाज आला. "पोस्ट, बेस. पोहोचलो. पोतंही पोहोचलं. ओव्हर." एवढंच.

तीन दिवसांनी एक पार्टी रजेवर जायला खाली निघणार होती. लान्स नाईक पास्कल तुस्कानो माझ्याकडे आला. हा राजोडीचा. माझ्या गावापासून मोटरसायकलवर अर्धा तास. पलटणीत आम्ही वसईचे दोघंच.

"साहेब, एक पोतं द्या."

"ऑर्डर नाही तशी."

"माहीत आहे. पन मोकळ्या हाताने कसं उतरायचं? ओसी साहेब घेऊन गेले."

त्याने नेलं. त्याच्या मागून आणखी दोघांनी नेलं. पुढच्या महिन्यात मेजर भंडारी पुन्हा वर आले आणि जाताना पुन्हा पोतं भरलं. त्याही वेळी भाषण नाही, नोटीस नाही. त्यांनी एक गोष्ट केली. चहा पिताना सगळ्यांना विचारलं, "अजून चांगलं कसं करता येईल?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. रजेवरून परतलेला पास्कल बोलला. तो म्हणाला, डबे चेपून भरले तर एका पोत्यात तीन पोत्यांचा माल मावेल. आणि बॅटऱ्या वेगळ्या बांधायला पाहिजेत, कारण त्या फुटल्या तर ते पाणी आपणच पिणार.

"मग तू दाखव कसं ते," मेजर म्हणाले.

त्या दिवसापासून पास्कल झोपडीमागे एका सपाट दगडावर डबे चेपत बसायचा. काम करताना चर्चमधली गाणी म्हणायचा. आवाज बेसूर. पोरं हसायची आणि हळूहळू शेजारी जाऊन बसायची. मी एकदा विचारलं, तुला या कामाचं एवढं काय आहे?

"साहेब, तुम्ही सोमवारी सकाळी आमच्या राजोडीच्या किनाऱ्यावर या. शनिवार-रविवारची पिकनिकवाली मंडळी गेली की नुसत्या बाटल्या आनी पिशव्या. माझी आय म्हनते, जाळ्यात मासळी कमी आनी प्लास्टिक जास्त. तिथे मी एकटा काय करनार? इथे चौदाच मानसं आहेत. इथे होईल."

चार महिन्यांत स्वयंपाकाच्या झोपडीमागे खडक दिसायला लागला. चहाचा वास गेला. हे सगळं ऑर्डरशिवाय झालं होतं. मी ते डोळ्यांनी पाहत होतो. तरीही मला त्यातलं काही कळलं नव्हतं, हे आता लिहावं लागतं.

मेजर भंडारी दोन महिन्यांच्या रजेवर गेले. त्याच सुमाराला वरून पत्र आलं की सगळ्या चौक्यांची पाहणी होणार आणि सर्वात स्वच्छ चौकीला शील्ड मिळणार. ती शील्ड मला हवी होती. माझं प्रमोशन जवळ आलं होतं हे एक कारण. दुसरं असं की चौकी माझी, आणि नाव मात्र मेजर साहेबांचं होत होतं. तेव्हा हे मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

मी पुठ्ठ्याचा एक तक्ता केला. त्यावर तेरा जणांची नावं लिहिली आणि आठवड्याला डब्यांची प्रत्येकी चार पोती ठरवली. शनिवारी संध्याकाळी मोजणी. ज्याची कमी भरतील, त्याची फोनची पाळी रद्द. तक्ता झोपडीच्या दाराशी टांगला आणि फॉलइनमध्ये वाचून दाखवला.

"काही शंका?"

कोणाला शंका नव्हती. फौजेत असा प्रश्न विचारला की शंका नसतात.

पहिल्या आठवड्यात पोत्यांचा ढीग लागला. मी खूष झालो. दुसऱ्या आठवड्यात मला एका पोत्यात खाली बर्फ भरलेला सापडला. तिसऱ्या आठवड्यात एका जवानाने दुसऱ्याची पोती रात्रीतून सरकवून आपल्या नावावर लावली, त्यावरून मारामारी झाली. स्वयंपाकी रिकामे डबे लपवून ठेवायला लागला, स्वतःच्या पोत्यासाठी. चेपायच्या दगडाजवळ आता कोणी बसत नव्हतं, कारण न चेपलेल्या डब्यांनी पोतं लवकर भरतं. पास्कल एकटाच चेपायचा. म्हणून त्याची पोती नेहमी कमी भरायची.

एका दुपारी तो माझ्याकडे आला.

"साहेब, पश्चिमेच्या उतारावर पोरं माल टाकतायत."

"कसला माल?"

"बॅटऱ्या, खरकटं, जुने बूट. पोत्यात जे धरत नाहीत ते. तक्त्यात त्याची मोजनी नाही ना. उन्हाळ्यात तिथलंच पानी खालच्या चौकीला जातं."

"कोण टाकतंय? नाव सांग."

त्याने नकारार्थी मान हलवली.

"नाव सांगायचं नसेल तर आलास कशाला?"

"तुम्हाला सांगायला आलो, साहेब." सॅल्यूट करून तो गेला.

त्याने मला तक्ता चुकतोय हे सांगितलं होतं. मी त्यातून गुन्हेगार शोधायला गेलो.

पुढच्या आठवड्यात त्याला ताप आला. नर्सिंग असिस्टंटने दोन दिवस आराम लिहून दिला. शनिवारी मोजणीला त्याची दोन पोती भरली, दोन कमी. रविवारी अकराला त्याची फोनची पाळी होती. संध्याकाळी तो आला. दाढी केलेली होती.

"साहेब, उद्याची पाच मिनिटं तेवढी द्या. पोती पुढच्या आठवड्यात भरून काढतो."

"तापाची सूट दिली तर उद्या सगळ्यांना ताप येईल."

"घरी बोलायचंच आहे साहेब. काम आहे."

तो माझ्या भागातला होता. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर कदाचित मी दिलं असतं. गाववाला म्हणून सोडलं, असं कोणी म्हणू नये म्हणून त्याच्याशी मी जास्त कडक वागत होतो. मी म्हणालो, "उद्या दहापर्यंत दोन पोती दाखव. अकराला फोन घे."

"बरं, साहेब."

कसलं काम आहे, हे मी विचारलं नाही.

रविवारी सहा वाजता स्टँड-टू संपला. सहा वाजून पाच मिनिटांनी पास्कल पश्चिमेच्या बाजूला निघाला. मोर्चावर शिपाई कांबळे होता. त्याने विचारलं तेव्हा पास्कल म्हणाला, "दहा मिनिटांत येतो." त्याच्याकडे दोर नव्हता आणि बरोबर दुसरा माणूस नव्हता. तो उतार ताज्या बर्फानंतर आउट ऑफ बाउंड्स असायचा, तिथे जायला बंदी असायची, आणि दोनच दिवसांपूर्वी बर्फ पडून गेला होता. पास्कलला हे सगळं माहीत होतं. सहा वीसला कांबळेची शिट्टी वाजली. त्याच्या पाठोपाठ ट्रक रिकामा करावा तसा आवाज आला.

मी बाहेर आलो. वरच्या कडेपासून उतार मोकळा झाला होता. निळा बर्फ दिसत होता. खाली ढीग.

"बेस, पोस्ट. अ‍ॅव्हलांच. पश्चिम उतार. एक जवान खाली. ओव्हर."

"पोस्ट, बेस. कोण? ओव्हर."

"लान्स नाईक तुस्कानो. वेळ सहा वीस. ओव्हर."

"खालच्या चौकीवरून रेस्क्यू पार्टी निघते आहे. वरचा बर्फ अजून सुटू शकतो. माणसं दोर लावून उतरव. ओव्हर."

"रॉजर. आउट."

मी सहा जणांना घेऊन उतरलो. अर्ध्या हाताच्या अंतरावर रॉड खुपसत गेलो. एक ओळ झाली की दुसरी. साडेआठला खालच्या चौकीची रेस्क्यू पार्टी येऊन मिळाली.  ज्यांनी त्या उतारावर कचरा फेकला होता तेही त्या ओळीत होते. बर्फातून बॅटऱ्या निघत होत्या, बूट निघत होते. प्रत्येक वेळी रॉडला काही लागलं की हात थांबायचे, उकरायचे, आणि हातात एखादा जुना डबा यायचा. अकरा वाजता मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटांनी तो सापडला. दीड मीटर खाली, कुशीवर.

पोत्याचा पट्टा खांद्यावर तसाच होता. पोतं मी उघडलं. त्यात डबे होते आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून वेगळ्या बांधलेल्या बॅटऱ्या होत्या. सोळा. त्या तक्त्यात मोजल्या जात नव्हत्या. पोतं भरायला त्यांचा काही उपयोग नव्हता. तो फोनसाठी तिकडे गेला की त्या उतारासाठी, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

दुपारी तीन वाजता मी दाराशी टांगलेला तक्ता काढला आणि बुखारीत, झोपडी तापवायच्या शेगडीत, घातला. पुठ्ठा होता, लगेच जळला. झोपडीत चौघं होते. त्यांनी पाहिलं. मी त्यांना गप्प राहायला सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला हवामान विचारलं, उतार विचारला, दोर का नव्हता ते विचारलं.

"त्याला तिकडे जायची ऑर्डर होती का?"

"नाही, सर."

हे उत्तर खरं होतं. फोनबद्दल कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यांना ते माहीत नव्हतं आणि चौकीवरच्या कोणी सांगितलं नाही. रिपोर्टमध्ये आलं की जवान चौकीच्या परिसराची स्वच्छता करताना हिमस्खलनात मृत्युमुखी पडला.

मेजर भंडारी रजा तोडून आले. थेट वर चढून चौकीवर आले. डबे चेपायच्या दगडावर बराच वेळ बसून राहिले. मी शेजारी उभा होतो. ते म्हणाले, "राऊत साहेब, हे पोत्यांचं मी सुरू केलं. मी ते पोतं उचललंच नसतं तर हा मुलगा तिकडे गेला नसता."

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. मी म्हणालो, "तसं काही नाही, सर."

त्यानंतर ते चौकीवर येत राहिले, पण पोतं त्यांनी पुन्हा मागितलं नाही. पोरांनीही नेलं नाही. आमची पलटण तिथून उतरली तेव्हा झोपडीमागचा खडक पुन्हा झाकला गेला होता. दोन वर्षांनी मेजर साहेबांनी नोकरी सोडली. मी सुभेदार झालो. पेन्शनीत निघालो.

वसईला परतल्यावर मी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकेजिंग कंपनीत लागलो. सिक्युरिटी आणि हाउसकीपिंग माझ्याकडे. कामगार शंभरेक. कोणी पालघरकडचे, कोणी उत्तरेकडून आलेले, बऱ्याच बायका आसपासच्या गावांतल्या.

पास्कलच्या घरी मी दरवर्षी जायचो. नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांचा दिवस असतो, त्या दिवशी. त्याची आई, कार्मेलिन मावशी, एकटीच असते. मासळी विकायची, आता गुडघ्यांमुळे बंद केलं. ती मला ओट्यावर बसवायची, पाणी द्यायची आणि दरवर्षी एक वाक्य म्हणायची, "तू त्याच्याजवळ होतास रे, तेवढंच बरं." मी पाणी पिऊन निघायचो.

या वर्षी कंपनीने कचरा वेगळा करायचं ठरवलं. ओला, सुका, प्लास्टिकचे तुकडे वेगळे. डबे आले, पाट्या लागल्या. पंधरा दिवसांत सगळे डबे सारखेच भरायला लागले. मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही. तरुण आहे, मनापासून करतो.

"राऊत साहेब, लोक सांगून ऐकत नाहीत. आपण एक बोर्ड करू. डिपार्टमेंटप्रमाणे नावं. ज्याचा कचरा मिक्स सापडेल त्याचा चहाचा ब्रेक बंद. तुम्ही फौजी माणूस. तुम्ही बोर्ड लावलात तर वचक बसेल."

त्यांनी कागदावर आखून दाखवलं. नावं, रकाने, फुल्या. 

"बोर्ड नको, साहेब. मला एक महिना द्या."

"महिन्यात काय करणार?"

"बघतो."

दुसऱ्या दिवसापासून मी जेवणाच्या सुट्टीत दीड वाजता कॅन्टीनच्या डब्यांपाशी उभा राहायला लागलो. ग्लोव्ह्ज घालून मिसळलेलं वेगळं करायचो. अर्धा तास. कोणाला काही म्हणायचो नाही. पहिले काही दिवस लोक लांबून बघत होते. मला वाटलं तितकं सोपं नव्हतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, अंगावर युनिफॉर्म, आणि हात खरकट्यात. मेजर साहेबांनी पहिलं पोतं उचललं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. नवव्या दिवशी एक ऑपरेटर आपली थाळी घेऊन आला आणि खरकटं बरोबर डब्यात टाकून गेला. मान वर केली नाही. दहाव्या दिवशी पॅकिंगच्या संगीता घरत आल्या.

"साहेब, एक विचारू? तुम्हाला काय शिक्षा झालीये का?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो असतो. पण तोंडातून आलं, "शिक्षा व्हायला पाहिजे होती. झाली नाही."

मग मी सांगितलं. सगळं. तक्ता, ताप, दहा वाजेपर्यंत दोन पोती, सोळा बॅटऱ्या, बुखारी. कॅन्टीनमध्ये तीसेक माणसं असतील. दोनची बेल झाली तरी कोणी उठलं नाही. ही गोष्ट मी त्याआधी कोणालाही, घरीसुद्धा, सांगितलेली नव्हती.

लोक पांगले तेव्हा संगीताबाई तिथेच उभ्या होत्या.

"साहेब, पास्कल म्हणजे राजोडीच्या कार्मेलिन मावशींचा?"

"हो."

"त्या आमच्याच आळीत राहतात."

मला ते माहीत नव्हतं. तीस माणसांनी ऐकलेली गोष्ट रात्रीपर्यंत राजोडीला पोहोचणार होती. ती माझ्या आधी पोहोचू द्यायची नाही, एवढंच सुचलं.

"बाई, संध्याकाळपर्यंत घरी कोणाला सांगू नका. मी जातो."

साडेपाचला मी मोटरसायकल काढली. सव्वासहाला राजोडी. मावशी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. नोव्हेंबर नव्हता, म्हणून मला बघून ती दचकली.

"काय रे, आज कसा? बस. पानी आनते."

"पाणी नको, मावशी. आधी ऐक."

मी उभ्यानेच सांगितलं. रिपोर्ट द्यावा तसं. दिवस, वेळ, मी काय म्हणालो, तो काय म्हणाला. तिचे हात लसणावर थांबले होते.  माझं संपलं तेव्हा तिने विचारलं, "तू त्याला फोन दिला नाहीस?"

"दहापर्यंत पोती दाखव म्हणालो."

"मी त्या दिवशी चर्चमधली मिस्सा अर्धी टाकून घरी आले होते. अकराला त्याचा फोन येनार म्हनून. पाच वाजेपर्यंत मी या ओट्यावरून उठले नाही. वाटलं, लाइन लागत नसेल." ती थांबली. "त्याला काय सांगायचं होतं?"

"माहीत नाही, मावशी. मी विचारलं नाही."

"काम आहे म्हनाला?"

"हो. काम आहे म्हणाला."

"काय काम असेल रे?"

 रस्त्यावरून रिक्षा गेली. ती परत लसूण सोलायला लागली आणि मान खाली ठेवूनच म्हणाली, "इतकी वर्षं तू इथे बसून पानी प्यायलास. आता जा."

मी गेलो.

मेजर भंडारींचा नंबर पलटणीतल्या एका जुन्या हवालदाराकडून मिळवला. दुसऱ्या दिवशी फोन केला. त्यांनी माझा आवाज लगेच ओळखला, तब्येत विचारली. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मी ती नोकरी का सोडली, तुम्हाला माहीत आहे का, राऊत साहेब?"

"आता अंदाज येतो, सर."

"तुम्ही दगडाजवळ उभे होतात. मी तुमच्यासमोर बोललो होतो."

"हो, सर."

 मग फोन कट झाला. मी पुन्हा लावला नाही.

कंपनीत बोर्ड लागला नाही. मॅनेजर हल्ली आठवड्यातून दोनदा दीड वाजता खाली येतात आणि ग्लोव्ह्ज मागतात. पहिल्या दिवशी त्यांना ओलं काय आणि सुकं काय कळत नव्हतं. संगीताबाईंनी शिकवलं. निम्म्याहून जास्त लोक आता नीट टाकतात, काही अजून टाकत नाहीत. कोणी नाही टाकलं तर आम्ही वेगळं करतो. प्लास्टिकचे तुकडे धुवून घेतले तर परत मशीनला घालता येतील, ही कल्पना त्या मान वर न करणाऱ्या ऑपरेटरची. त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो आपणहून आला. तो बोलत असताना मला दुसराच आवाज ऐकू येत होता, म्हणून त्याला मला दोनदा सांगावं लागलं.

नोव्हेंबर आला. जावं की नाही, हे चार दिवस ठरेना. शेवटी गेलो, पण घरी गेलो नाही. चर्चच्या दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. माणसं फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येत होती. फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरत होते. मावशी भाचीच्या हाताला धरून आली. माझ्या समोरून आत गेली. बघितलं की नाही, कळलं नाही. मी तिथेच थांबलो. पाऊण तासाने ती बाहेर आली आणि माझ्यापाशी उभी राहिली.

"बाहेर काय करतोस?"

मी फाटकावरचा हात काढला.

"आत जा. त्याच्याशी बोल. माझ्याशी नको."

भाचीला घेऊन ती निघून गेली.

मी आत गेलो. तिसऱ्या ओळीत शेवटची कबर. दगडावर क्रूस, त्याखाली लान्स नाईक पास्कल तुस्कानो, पलटणीचं नाव आणि वय अठ्ठावीस वर्षं. मेणबत्त्या नुकत्याच लावलेल्या होत्या. मी सावधान उभा राहिलो. कॅन्टीनमध्ये तीस जणांना सांगितलं होतं, त्याच्या आईला सांगितलं होतं, मेजर साहेबांना सांगितलं होतं. त्याला सांगायचं राहिलं आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"पास्कल, मी राऊत," मी म्हणालो. "चूक माझी होती."

शेजारच्या कबरीपाशी बसलेल्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं आणि आपली मेणबत्ती उचलून थोडी पलीकडे लावली, मला जागा व्हावी म्हणून.